मुंगसाच्या केसाची रेघ

वाल्मिक दहातोंडे अक्षरांच्या आधी शिरोरेघ ओढतात. बहुतेक पेंटर अक्षरं काढून घेतात आणि शेवटी त्यांच्या डोक्यावर रेघ मारतात. वाल्मिक उलट करतात. उसाच्या ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर खडूची दोरी मारायची, ब्रश भरायचा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका दमात रेघ न्यायची. मग तिच्याखाली मालकाचं नाव, गावाचं नाव, देवाचं नाव टांगायचं. "दांडी सरळ बांधली की धुनं कसंबी वाळत घाला," असं ते म्हणतात.

नेवासा फाट्यावर ट्रक आणि ट्रॉल्यांच्या बॉड्या बांधणारी एक शेड आहे. तिच्या मागच्या अंगाला वाल्मिक बसतात. वय छप्पन्न. चौदाव्या वर्षी ते श्रीरामपूरला सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या एका वस्तादाच्या हाताखाली लागले. फ्लेक्स आला आणि बोर्ड गेले. दुकानांच्या पाट्याही गेल्या. राहिल्या त्या ट्रॉल्या, टेम्पो आणि ट्रॅक्टर, कारण धुरळ्याच्या रस्त्यावर आणि उसाच्या फडात फ्लेक्स एक हंगामही टिकत नाही. गळीत हंगाम तोंडावर आला की शेडच्या मागे ट्रॉल्या रांगेने उभ्या असतात. प्रत्येकीच्या उजव्या कोपऱ्यात खाली बारीक अक्षरं: वाल्मिक पेंटर, नेवासा फाटा.

हे नाव घालायचा हक्क त्यांना एका ब्रशाने मिळाला होता. या भागातल्या जुन्या पेंटरांची रीत अशी, की शिकणाऱ्याने नायलॉनच्या ब्रशावर हात घासायचा. हात बसला असं वस्तादाला वाटलं, की खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाल्यावर वस्ताद त्याला मुंगसाच्या केसाचा ब्रश देतो. त्या दिवसापासून शिष्य पेंटर होतो आणि कोपऱ्यात स्वतःचं नाव घालतो. तोवर नाव वस्तादाचंच. वाल्मिकना त्यांचा ब्रश सात वर्षांनी मिळाला. तो झिजल्यावर त्यांनी दुसरा घेतला, मग तिसरा. हा तिसरा ते पत्र्याच्या नळीत, तेल लावून, देवळीत ठेवत. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

त्यांची मुलगी पंकजा दहा वर्षं त्यांच्याबरोबर काम करते. तिला ब्रश मिळालेला नव्हता. वाल्मिक कारण सांगत की नवा ब्रश आता दुकानात कुणी उघड देत नाही, आणि एकच उरलाय. पंकजाच्या मते कारण दुसरंही होतं.

"मी लगीन करून जानार, अन् बरुबर ब्रश घेऊन जानार, ही भीती हाय आबांना," ती म्हणते. "माझी न्हाई, ब्रशाची."

ब्रश दुकानात उघड मिळत नाही याला कारण कायदा. मुंगसाला आता कायद्याने सगळ्यात वरचं संरक्षण आहे. वाघाला जे आहे तेच. मुंगूस पाळून त्याचे केस कापता येत नाहीत. ते मारावं लागतं, आणि एक मारलं तर ब्रशाच्या कामाचे केस जेमतेम मूठभर निघतात. त्यामुळे असा ब्रश विकणं, घेणं आणि जवळ ठेवणं, तिन्ही गुन्हे. वाल्मिकना हे माहीत होतं. त्यांच्या मते हा कायदा अक्षर न काढणाऱ्या लोकांनी केला होता.

रुचा निसळ शेडच्या मागे आली ती याच कामासाठी. ती नगरच्या सावेडीत वाढलेली, आता पुण्यातल्या एका संस्थेत संशोधक. वन्यप्राण्यांचं काय विकलं जातं, कुठे विकलं जातं आणि घेणारा ते का घेतो, हा या संस्थेचा अभ्यासाचा विषय. वनखात्याने संस्थेला एक प्रश्न घातला होता: मुंगसाच्या ब्रशाची मागणी का थांबत नाही? सोबत कारवाईच्या आराखड्याचा मसुदाही होता. त्यात पेंटरांच्या घरांची आणि शेडांची झडती घेण्याचं कलम होतं. पेंटरांना पर्यायच नसेल तर ते घेतच राहणार, म्हणून धाक हवा, असा त्यामागचा विचार. पर्याय आहे की नाही, हे रुचाने शोधायचं होतं.

ती नावं न लिहिता पेंटरांशी बोलत होती आणि सगळीकडे एकच उत्तर मिळत होतं. वाल्मिकनीही तेच दिलं.

"काका, मुंगसाच्या ब्रशाशिवाय जमणारच नाही?"

"न्हाई."

"नायलॉनचा चांगला ब्रश असला तरी?"

"पोरं वापरत्यात. शिकायला बराय. या इकडं, दावतो." वाल्मिकनी तिला भिंतीला टेकवलेल्या पत्र्यांकडे नेलं. शिकणाऱ्यांनी त्यांवर हात घासले होते. रेघा कुठे जाड, कुठे बारीक, मध्येच तुटलेल्या. "ही समदी नायलॉनची." मग ट्रॉलीकडे बोट. "अन् ही मुंगसाची. आता तुमीच बोला."

ट्रॉलीखालून पंकजाचा आवाज आला. ती नायलॉनच्या ब्रशाने खालच्या लोखंडी पाट्यावर पांढरी रेघ ओढत होती. "आबा, त्या पत्र्यावरच्या रेघा मागल्या साली आलेल्या पोराच्या हायेत. त्यो तर पळून गेला."

"का पळाला? नायलॉनमुळं पळाला!"

"तुमच्या तोंडामुळं पळाला."

रुचा हसली, आभार मानले आणि नगरच्या एसटीत बसली. घोडेगावच्या आसपास ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि तिला भिंतीजवळचे ते पत्रे पुन्हा दिसायला लागले. तिने पुण्याला आपल्या वरिष्ठांना फोन लावला. ती इतक्या मोठ्याने बोलत होती की शेजारची बाई उठून मागच्या सीटवर गेली.

"सर, आपण चुकतोय. सगळ्या जिल्ह्यात नायलॉनची रेघ म्हणजे शिकणाऱ्याची रेघ आणि मुंगसाची रेघ म्हणजे वस्तादाची. त्यांची रीतच तशी आहे! हात बसल्यावरच तो ब्रश मिळतो. म्हणजे पेंटर ब्रशांची तुलना करतच नाहीयेत. कच्च्या आणि पक्क्या हाताची करतायत, आणि श्रेय मुंगसाला देतायत."

"मग तुला काय पाहिजे?"

"पक्का हात, पण जो कायम नायलॉनवरच राहिलाय असा. असा माणूस सापडणं कठीण आहे, कारण हात पक्का झाला की..." ती थांबली. तिच्या डोळ्यांसमोर पंकजाने ट्रॉलीखालून पाट्यावर ओढलेली ती लांब पांढरी रेघ आली. "सर, मी ठेवते फोन. मला परत जायचंय."

ती पांढरीपुलाला उतरली आणि उलटी एसटी पकडली.

तिने झडतीच्या कलमाचं सांगितलं आणि झाकलेल्या ब्रशांची एक चाचणी सुचवली. वाल्मिकनी लगेच होकार दिला नाही. समोर दोन गोष्टी दिसत होत्या. अहवालात 'पर्याय नाही' असं गेलं, तर झडतीचं कलम राहणार, आणि झडती आली तर नेवासा फाट्यावर पहिली त्यांच्याच देवळीची होणार. ब्रश आधीच देऊन टाकला, तर हंगामाच्या तोंडावर हातातून रेघ जाणार. आणि वाल्मिक पेंटर म्हणजे ती रेघच. अक्षरं काय, कुणीही काढतं. त्यांना फक्त एवढं कळायला हवं होतं, की मुंगसाशिवाय ती येते की नाही. हो म्हणायला त्यांना आठवडा लागला, आणि तेही रागात. "बघू तरी त्या नायलॉनात काय हाय ते."

चाचणी ऑगस्टमध्ये झाली, नेवाशातल्या एका मंगल कार्यालयात. लग्नाची तिथ नव्हती म्हणून हॉल स्वस्तात मिळाला. स्टेजवर नवरा-नवरीच्या मखमली खुर्च्या तशाच होत्या. नवऱ्याच्या खुर्चीत वनपाल अंगद खेडकर बसले आणि नवरीच्या खुर्चीत सीलबंद पेटी ठेवली. पेटीत मुंगसाचे ब्रश होते. एका कारवाईत जप्त झालेले, कोर्टाच्या परवानगीने एका दिवसापुरते आणलेले.

शेवगाव, पाथर्डी, राहुरी, श्रीरामपूरकडून पेंटर आले होते. दारातच खाकी बघून काही जण चपला काढायला तयार होईनात.

"साहेब, बोलवून आत टाकायचा बेत न्हाई ना?" शेवगावच्या काकासाहेबांनी विचारलं. काकासाहेब आणि वाल्मिक एकाच वस्तादाचे शिष्य, आणि तेव्हापासूनचे एकमेकांचे टीकाकार.

"आत टाकायला हॉल कशाला घेतला असता?" अंगद म्हणाले. "चहा घ्या."

"चहा देतोय म्हनजे नक्कीच टाकनार," काकासाहेब म्हणाले आणि आत आले.

चाचणी साधी होती. सगळ्या ब्रशांच्या दांड्या आणि केस धरणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या एकाच काळ्या टेपने गुंडाळलेल्या. केस काळ्या रंगात आधीच बुडवलेले, म्हणजे मुंगसाच्या केसावरचे तपकिरी-पांढरे पट्टे दिसणार नाहीत. प्रत्येक ब्रशावर फक्त नंबर. प्रत्येक पेंटरने प्रत्येक ब्रशाने चार-चार रेघा ओढायच्या, एका पत्र्यावर एकच रेघ, आणि ब्रश कशाचा ते सांगायचं. कुठला नंबर कशाचा, हे हॉलमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. रुचालाही नाही. तो कागद पाकिटात बंद होता आणि पाकीट अंगद यांच्या खिशात.

वाल्मिकनी पहिला ब्रश उचलला, रंगात बुडवला, फरशीच्या तुकड्यावर दोन्ही अंगांनी ओढून घेतला आणि पत्र्याला लावला. रेघ वीतभरही गेली नव्हती.

"मुंगूस."

दुसरा. "नायलॉन. नव्या चपलेवानी चावतोय."

तिसऱ्यालाही त्यांनी नुसतं मनगट हलवून सांगितलं. बाकीचे वस्तादही धडाधड सांगत सुटले. नायलॉनची पहिली रेघ जवळपास प्रत्येकाची अर्ध्यातच सुकत होती, आणि ते ओरडून एकमेकांना दाखवत होते. हॉलमध्ये कुस्तीच्या आखाड्यासारखा गलका होता. काकासाहेबांनी एका ब्रशाला मुंगूस म्हटलं, मग नायलॉन म्हटलं, मग म्हणाले की ब्रशालाच नक्की ठाऊक नाही.

मग पंकजा उठली.

"ही पेंटर न्हाई अजून. रंग भरती," कुणीतरी म्हणालं.

"पोटासाठी जो रेघ ओढतो, तो चालेल," रुचा म्हणाली.

पंकजाने नायलॉनच्या ब्रशांनी भराभर रेघा ओढल्या. तिची पद्धत वेगळी दिसत होती. रंगात टर्पेंटाइन जरा जास्त, आणि मनगट जागचं न हलवता सगळा हात खांद्यातून सरकवायचा. कुणी फारसं बघत नव्हतं. मग तिने पुढचा नंबर घेतला, नेहमीसारखा रंगात बुडवला, पत्र्याला टेकवला आणि सुरुवातीलाच रुपयाएवढा ठिपका पडला. त्यातून एक ओघळ खाली निघाला. हॉल एकदम "अर्रर्र" म्हणाला.

"आबा, ह्यो लई पितो," पंकजा म्हणाली. तिने दुसरी रेघ घेतली. ती मध्ये फुगली. "अन् पिऊन वकतो बी! ह्योच का त्यो? ह्याच्यासाठी म्या धा वर्सं थांबले?"

सगळे हसले. वाल्मिक हसले नाहीत. त्यांनी पुढे येऊन पत्रा बघितला आणि तोच ब्रश मुलीच्या हातात पुन्हा दिला. "परत मार." तिसरीही फुगली. चौथी जरा बरी आली. आयुष्यात पहिल्यांदा ती ज्या ब्रशाला हात लावत होती, त्याने तिला शिकाऊ करून टाकलं होतं.

रेघा वाळायला पंख्याखाली ठेवल्या आणि मंडळी जेवायला बसली. रुचा जेवली नाही. सकाळचा निकाल तिला पाकीट न फोडताही दिसत होता: बहुतेक वस्तादांची उत्तरं एकमेकांशी जुळत होती, म्हणजे ब्रश त्यांना हातात कळतो. अहवाल इथे थांबवला असता, तर तो झडतीवाल्यांच्या बाजूने गेला असता. पण पेंटरच्या हाताला काय वाटतं, हा एक प्रश्न. फाळक्यावर काय दिसतं, हा दुसरा. दुसरा अजून कुणी विचारलेला नव्हता.

जेवणानंतर पत्रे मिसळले. पेंटरचं नाव, ब्रशाचा नंबर आणि रेघ कितवी, ते सगळं पाठीमागे. आता पेंटरांनीच ओळखायचं, कुठली रेघ मुंगसाची आणि कुठली नायलॉनची. अंगद यांनी खिशातलं पाकीट रुचाला दिलं. ते फोडून ती टेबलाशी बसली.

"ह्यात काय अवघड हाय?" काकासाहेब पुढे झाले. "वाल्मिकची रेघ तर म्या झोपेत वळखीन." त्यांनी एक पत्रा निवडला. "मुंगूस. वाल्मिक."

रुचाने पत्रा उलटला. "नायलॉन. काकासाहेब."

"म्हंजे माझीच?"

"तुमचीच. चौथी."

"झ्याक आलीय की!" काकासाहेब स्वतःच्या रेघेकडे बघतच राहिले.

एकामागून एक पेंटर येत गेले. पहिल्या रेघा सगळ्यांना ओळखू येत होत्या, कारण त्या सुकलेल्या होत्या. तिसऱ्या-चौथ्यांशी आल्यावर घोळ सुरू झाला. मुंगूस म्हटलं की नायलॉन निघत होतं, नायलॉन म्हटलं की मुंगूस. सकाळचा गलका पुन्हा चढला, पण सूर बदलला होता. लोक टेबलाभोवती दाटले. अंगद नवऱ्याच्या खुर्चीतून उठून आले. रुचा मान वर न करता भराभर लिहीत होती.

शेवटी वाल्मिक. ते घाईत नव्हते. पत्र्याच्या कडेला डोळा लावून, रेघेच्या लांबीवरून, उजेडाच्या दिशेने बघत होते. काही पत्रे बाजूला सारले. मग एकावर बोट ठेवलं.

"ही. ही मुंगसाचीच. अन् हात जुना हाय."

रुचाने पत्रा उलटला, नंबर बघितला, कागद बघितला, पुन्हा नंबर बघितला.

"नायलॉन," ती म्हणाली. "पंकजा दहातोंडे."

मग काकासाहेब सुटले. "हात जुना हाय! वाल्मिक, पोरगी म्हातारी कधी झाली रं?"

हॉल हसण्याने भरला. वाल्मिकनी हात वर केला. "परत लावा."

पत्रे पुन्हा मिसळले. वाल्मिकनी पुन्हा निवडला. पुन्हा नायलॉन, आणि या वेळी रेघ त्यांची स्वतःची. "काका, नियमाप्रमाणे एकदाच..." रुचा म्हणत होती. "ही धरू नका. मला कळू द्या," ते म्हणाले. तिसऱ्या वेळी त्यांनी मुंगसाची रेघ बरोबर ओळखली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"थांबा," वाल्मिक म्हणाले. "हे अंदाजानं सांगितलं. दिसलं काईच न्हाई."

मग ते मुलीकडे वळले. "पंके, तू रंग पातळ करती."

"मंग? नायलॉन कमी पितो, तर त्याला पातळ पाजावं लागतं."

"मला का न्हाई सांगितलं?"

"इचारलं कधी?"

रुचाने नंतर हिशेब मांडला. तिसऱ्या आणि चौथ्या रेघांबाबत जिल्ह्यातल्या वस्तादांनी नाणं उडवून उत्तरं दिली असती, तरी तितकीच बरोबर आली असती. हातातला ब्रश त्यांना कळत होता. पत्र्यावरची रेघ कळत नव्हती. त्यांचा हात मुंगसाला सवयीचा होता आणि पंकजाचा नायलॉनला. वस्तादांची सवय एका सकाळीत बरीच वळली होती. एक अडचण मात्र खरी होती. ट्रकच्या अख्ख्या बाजूवर जाणाऱ्या रेघेला नायलॉनचा रंग पुरत नव्हता. रुचाने तीही अहवालात लिहिली. एका जिल्ह्यातले पेंटर आहेत, दुसरीकडेही करून बघा, हेही लिहिलं.

आराखडा ठरवणाऱ्या समितीची बैठक मुंबईत होती. रुचा अहवालाबरोबर पत्रेही घेऊन गेली. तिने पहिल्या पानाआधी ते टेबलावर मांडले आणि सभासदांना ओळखायला सांगितलं. कुणालाच जमलं नाही. एका अधिकाऱ्याने तीनदा प्रयत्न केला आणि तिसऱ्यांदा चिडून विचारलं, "ही कोणाची आहे?" ती पंकजाची होती.

एका अहवालाने धोरण ठरत नाही. केस कुठून येतात, कुठे बांधले जातात, कोण ठोकात विकतं, याची माहिती इतर संशोधकांनी जमवलेली होती. पण पेंटरांच्या झडतीचं कलम पडलं ते त्या टेबलावर. त्याऐवजी तीन गोष्टी आल्या. कारवाई ब्रश बनवणाऱ्यांवर आणि ठोक विकणाऱ्यांवर. सरकारी पाट्या आणि गाड्या रंगवायच्या कामात वन्यप्राण्याच्या केसाचा ब्रश चालणार नाही, अशी अट. आणि पेंटरांनी जुने ब्रश ठरावीक मुदतीत जमा करायचे, त्यांच्यावर गुन्हा नाही. शिवाय त्यांना नायलॉनचा सराव द्यायचा, आणि तो देणारे अधिकारी नकोत, नायलॉनवर हात बसलेले पेंटरच हवेत.

रुचाने मुंबईहून फोन केला तेव्हा वाल्मिक ट्रॉलीवर होते. पंकजाने फोन उचलला आणि शेडच्या मागून ओरडली, "आबा, सरकार मला मास्तरीन करतंय!"

वाल्मिकनी ब्रश खंडेनवमीच्या आधी अंगद यांच्या ऑफिसात नेऊन दिला. रॉकेलने धुतलेला, केसांना तेल लावलेला, पत्र्याच्या नळीत.

"काका, हा नष्ट करायचाय," अंगद म्हणाले. "तेल कशाला लावलं?"

"सवय," वाल्मिक म्हणाले आणि निघाले.

ते देऊन आले, पण शंका पुरती गेलेली नव्हती. चाचणीतला पत्रा तीन हातांचा होता. शेडमागे वांबोरीच्या एका ठेकेदाराच्या दोन नव्या कोऱ्या ट्रॉल्या होत्या. फाळक्यावर नाव, गाव आणि तिन्ही मुलांची नावं एका ओळीत हवी होती. इतकी लांब रेघ नायलॉनने न तोडता नेलेली अजून कुणी बघितली नव्हती. पंकजाने त्यावर तोड काढली होती. दोन ब्रशांचे केस सोडवून तिने एकाच पट्टीत दाबून बसवले आणि वरून दोरा आवळला. ब्रशाचं पोट मोठं झालं, पण टोक बारीकच राहिलं.

खंडेनवमीला पाटावर हत्यारं मांडली. खडूची दोरी, मनगट टेकायची काठी, पटाशा, ब्रश. मध्ये जिथे नळी असायची तिथे जागा मोकळी होती. वाल्मिकनी हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पंकजापुढे हात केला.

"तुझा त्यो दोन ब्रशांचा दे."

तिने दिला. त्यांनी तो मधल्या जागेत ठेवला, फूल वाहिलं, उचलून तिच्या हातात परत दिला. रीत झाली. मग म्हणाले, "मला बी बांधून दे एक."

"आसा कसा?" पंकजा म्हणाली. "आधी सात वर्सं हात घासा. मंग खंडेनवमीला बघू."

शेडमधले वेल्डर हसून खाली बसले. ब्रश तिने आदल्या दिवशीच बांधून ठेवला होता. पाटाखालून काढून दिला.

दसऱ्यानंतर दोघांनी दोन्ही ट्रॉल्या घेतल्या. दोरी मारली, रंग पातळ केला, आणि वाल्मिकनी पहिल्यांदाच मनगट सोडून सगळा हात खांद्यातून सरकवला. रेघ फाळक्याच्या निम्म्यावर आली. तिथे मुंगसाचा ब्रशही कधीकधी दम खायचा. रेघ पुढे गेली. वेल्डिंग थांबलं होतं. ब्रश उजव्या कडेला पोचला तेव्हा त्यात अजून रंग होता, आणि वाल्मिकनी तो तसाच हवेत धरला. "गेली!" ते ओरडले. "पंके, गेली की गं!" पलीकडच्या ट्रॉलीवर पंकजाची कधीच पोचली होती.

दुसऱ्या दिवशी काकासाहेब शेवगावहून मुद्दाम आले. एका ट्रॉलीच्या कोपऱ्यात वाल्मिक पेंटर, दुसरीच्या कोपऱ्यात पंकजा पेंटर. त्यांनी दोन्ही नावं वाचली, दोन्ही फाळके बघितले.

"नावं ठीक हायेत. पन रेघा खरंच ज्याच्या-त्याच्या हायेत का अदलाबदल केली? तुमचा भरवसा न्हाई."

"बघून सांग की," वाल्मिक म्हणाले.

काकासाहेबांनी चष्मा लावला, फाळक्याच्या कडेला गाल टेकवला आणि एक डोळा मिटला. "सांगतो," ते म्हणाले. "थांब जरा." पंकजा चहा सांगून आली, चहा आला, निवला, तरी ते एका ट्रॉलीवरून दुसरीकडे जात होते.